कामाला निघावे, देश पाहावा



डोणगावचा माणूस कोर्टकचेरीच्या कामाने मेहकरला गेला, की त्याचे पाय आपोआप शारंगधर बालाजीच्या देवळाकडे वळतात. लोणारला कुणाच्या लग्नाला गेला, तर तिथले ते प्रचंड विवर आणि त्यातले खारे पाणी पाहिल्याशिवाय तो परतत नाही. एका खेपेत दोन कामे, ही आपली जुनी रीत. नुसते पाहायला जायचे म्हटले, तर तेवढा पैसा आणि सवड आपल्याकडे होती कुणाजवळ?

मेहकरची ती बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. त्याच साली एक मराठी बाई अशीच कामाला निघून वाटेत देश पाहत होती. फक्त तिची वाट अमेरिकेतली होती. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंना हिंडणे नवे नव्हते. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे गावोगाव, तीर्थोतीर्थी पुराण सांगत आणि त्यावर कुटुंबाचा चरितार्थ चाले. म्हणजे रमाबाईंचे बालपणच मुळी पोटासाठी आणि पुण्यासाठी एकाच वेळी चाललेला प्रवास होता. पुढे दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी हिंदुस्थान हिंडले. त्या वाटेवर त्यांनी देवळे पाहिली, घाट पाहिले आणि त्या घाटांवर बसलेल्या निराधार विधवाही पाहिल्या. हे शेवटचे दृश्य त्या विसरल्या नाहीत. १८८२ साली त्यांनाही वैधव्य आले. पदरी लहानगी मुलगी मनोरमा होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथून १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाला पोचल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. रमाबाई थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. पण तो मुक्काम लांबला तो जवळजवळ तीन वर्षे!

इतके दिवस त्या काय करीत होत्या? तर व्याख्याने देत होत्या. हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढायची, त्यासाठी पैसा उभा करायचा, हे त्यांचे काम. १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन शहरी त्यांच्या कार्याला मदत करणारे मंडळ स्थापन झाले. मग शहरोशहरी त्याच्या शाखा निघाल्या. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, तोही दहा वर्षे, अशी योजना. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते असे.

अमेरिका हा केवढा देश! पूर्व किनाऱ्याचे लोक पूर्वी पश्चिमेकडे बैलगाड्यांनी जात, त्याला महिनेच्या महिने लागत. १८६९ साली लोहमार्ग जोडला गेला आणि तोच प्रवास आठवड्याभरावर आला. या आगगाडीमुळेच एका परदेशी बाईला गावोगाव व्याख्याने देत थेट पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाणे शक्य झाले.

आता, गाडी थांबली आणि व्याख्यानाला अवकाश असला, तर प्रवासी काय पाहील? उंच इमारती, बागा, बाजार. रमाबाईंचे लक्ष मात्र वेगळीकडे होते. मुलींची कॉलेजे कशी चालतात? तान्ह्या वयाच्या मुलांना खेळातून कसे शिकवतात? अनाथांच्या संस्थांचा खर्च कोण भागवतो? फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत समजून घेतली. लहानपणी तीर्थे हिंडलेल्या या बाईची अमेरिकेतली तीर्थे म्हणजे शाळा आणि आश्रम.

पण नवे पाहून त्या भुलल्या नाहीत, बरं का. त्या तिथे असतानाच, १८८६ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळा स्त्रीचा, पण त्या काळी बहुतेक अमेरिकन स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. देशभर तो मिळाला १९२० साली. असा विरोध रमाबाईंच्या नजरेतून सुटत नसे. परत आल्यावर त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ साली मराठीत प्रसिद्ध केले. तिथले राज्य, घरसंसार, शिक्षण, दानधर्म आणि स्त्रियांनी संघटित होऊन चालवलेली कामे, या सर्वांची माहिती त्यात आहे. तशीच काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल आणि मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाबद्दल स्पष्ट टीकाही आहे. ज्यांच्याकडून मदत घेतली, त्यांच्याविषयीही खरे बोलायला त्या कचरल्या नाहीत.

१८८८ च्या नोव्हेंबरात सॅनफ्रान्सिस्कोहून त्या बोटीत बसल्या आणि जपानच्या मार्गाने १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला आल्या. ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तिथे शिकलेल्या पहिल्या विधवांपैकी एक गोदूबाई. १८९३ साली त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाईंच्या धर्मांतरावरून आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. पण त्या वादातही हे काम पुसले गेले नाही.

शिक्षकबंधूंनो, तुम्ही मुलांची सहल लोणारला नेता, मेहकरला नेता. तळे जरूर दाखवा, देऊळ जरूर दाखवा. पण वाटेतले वाचनालय, दवाखाना, मुलींचे वसतिगृहही दाखवा, आणि मुलांना विचारायला लावा: हे कुणी काढले? कसे चालते? आपल्या गावात हे का नाही? देऊळ पाहून मूल हात जोडील. हा प्रश्न घेऊन आलेले मूल उद्या गावात काहीतरी उभे करील.