अपराधी मुलाच्या मनाची पारख

एखाद्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातून आपल्याहून लहान बालकावर लैंगिक अत्याचार घडल्याचें उघडकीस येतें, तेव्हां एकाच दिवशीं दोन घरें खचतात. ज्या बालकास इजा पोंचली त्याचें रक्षण व सांत्वन हें पहिलें कर्तव्य, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु दुसरा प्रश्न उरतोच. ज्यानें तें कृत्य केलें त्या मुलाचें काय करावयाचें? तो पुनः तसें करील कीं काय, हें कशावरून ओळखावयाचें? या प्रश्नास गेल्या सवाशें वर्षांत जीं उत्तरें मिळालीं, त्यांचा इतिहास उद्बोधक आहे. कारण त्यांत मुलाच्या भावनांइतकाच समाजाच्या स्वतःच्या भावनांचाही हिशेब आहे.

पूर्वीं बहुतेक देशांत उत्तर सोपें होतें. कृत्य पाहावयाचें आणि त्याच्या मापानें शिक्षा द्यावयाची. अमेरिकेंतील शिकागो शहरीं १८९९ सालीं मुलांसाठीं निराळें न्यायालय निघालें, तेव्हां ही रीत प्रथम हालली. त्या न्यायालयापुढें येणाऱ्या मुलांचा अभ्यास करण्यासाठीं १९०९ मध्यें एक संस्था स्थापन झाली व तिचें प्रमुखपद डॉ. विल्यम हीली यांजकडे आलें. आनुवंशिक दोष अथवा बुद्धिमांद्य हेंच अपराधाचें मूळ, अशी त्या काळची समजूत होती. हीलींना मात्र असें एकच एक मूळ कोठेंही सांपडलें नाहीं.

पुढें १९३६ मध्यें त्यांनीं व डॉ. ऑगस्टा ब्रॉनर यांनीं १०५ जोड्यांची तुलना प्रसिद्ध केली. प्रत्येक जोडींत एकाच घरांतलीं दोन भावंडें, एक अपराधी व दुसरें निरपराधी. घर तेंच, आईबाप तेच, दारिद्र्यही तेंच. फरक निघाला तो मनांत. अपराधी मुलांपैकीं शेकडा ९० हून अधिक मुलें अत्यंत असमाधानी किंवा भावनेनें फार अस्वस्थ अशीं आढळलीं. त्यांच्या भावंडांत हें प्रमाण अवघें शेकडा १३ होतें. आपण घरांत नकोसे आहों, आपल्याहून दुसऱ्यावर माया अधिक आहे, अशीं शल्यें त्यांच्या मनांत रुतलेलीं होतीं.

त्याआधींच व्हिएन्नामध्यें ऑगस्ट आइखहॉर्न या शिक्षकानें हेंच सत्य दुसऱ्या वाटेनें जाणलें होतें. पहिल्या महायुद्धानंतर बहकलेल्या मुलांची एक वसाहत त्यांनीं चालविली. तींत अत्यंत आक्रमक मुलांचा एक गट होता. या मुलांना मारावयाचें नाहीं, त्यांच्या रागास रागानें उत्तर द्यावयाचें नाहीं, असा दंडक त्यांनीं घातला. मुलांनीं खिडक्या फोडल्या, सामानाची नासधूस केली. पण अपेक्षिलेला मार कांहीं मिळेना, तेव्हां हळूहळू तो आवेश ओसरला आणि वडीलधाऱ्यांविषयीं ओढा उत्पन्न झाला. हा ओढा उत्पन्न झाल्याखेरीज सुधारणेस आरंभच होत नाहीं, हें आइखहॉर्न यांचें सांगणें. त्यांच्या १९२५ च्या पुस्तकास फ्रॉइड यांनीं प्रस्तावना लिहिली.

हे सारे अभ्यास सर्वसाधारण बालअपराध्यांचे होते. लैंगिक अपराध करणाऱ्या मुलग्यांकडे विशेष लक्ष पुरविलें तें न्यूयॉर्कच्या डॉ. ल्युइस डोशे यांनीं. तेथील बालन्यायालयाच्या चिकित्सालयांत आलेल्या २५६ मुलग्यांचें पुढें काय झालें, हें त्यांनीं १९४३ मध्यें मांडलें. ज्यांनीं लैंगिक अपराधाखेरीज चोरी वगैरे दुसरा अपराध केला नव्हता, त्यांच्यापैकीं मोठेपणीं पुनः त्या मार्गास जाणारे अगदीं विरळा निघाले. धीर देणारीच ही वार्ता होती; पण तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

सुमारें चाळीस वर्षांनीं, १९८० नंतर, अमेरिकेंत पीडित बालकांचा आक्रोश अखेर समाजाच्या कानीं पडला. तो पडावयासच हवा होता. त्याबरोबर अल्पवयीन अपराध्यांसाठीं शेंकडों उपचारवर्ग निघाले. परंतु त्यांची घडण प्रौढ अपराध्यांवरून उचललेली होती. मुलानें सर्वांसमक्ष सारें कबूल करावें, हें पहिलें बंधन; आणि कांहीं ठिकाणीं खोटें पकडण्याचें यंत्रही लावीत. जो नाकबूल करी तो अधिक धोकेबाज, असा शेरा पडे.

येथें परीक्षकांची मोठी चूक झाली. पंधरा वर्षांचा मुलगा नाकबूल करतो तो बहुधा कपटानें नव्हे. आईच्या नजरेंतून आपण कायमचे उतरूं, बाप घराबाहेर काढील, या भयानें करतो. ज्यास दरडावून विचारावें तो अधिकच मिटून जातो, आणि मग त्या मिटण्यालाच निर्ढावलेपणा म्हणतात. केवळ नाकबुलीवरून पुढील अपराध ओळखतां येत नाहीं, असें नंतरच्या संशोधनांत दिसून आलें.

भयापोटीं कायदेही झाले. २००६ च्या अमेरिकन कायद्यानें गंभीर लैंगिक अपराधांबद्दल १४ वर्षें व त्यावरील मुलांचीं नांवें नोंदवहींत घालण्याची तरतूद केली. दक्षिण कॅरोलायना संस्थानांतील अभ्यासांत अशा नोंदणीनें पुनरपराध घटल्याचें दिसलें नाहीं. उलट २५१ मुलग्यांच्या २०१८ च्या एका अभ्यासांत, नोंद झालेल्या मुलांत नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केल्याचें सांगणाऱ्यांचें प्रमाण इतरांच्या चौपट आढळलें.

दुसरा मार्ग आतां पुष्कळ स्पष्ट झाला आहे. टोरांटो येथें २००१ मध्यें तयार झालेल्या परीक्षणपद्धतींत कृत्याबरोबरच मुलाचा एकलकोंडेपणा, त्याचा राग, आईबापांशीं असलेला संबंध यांचाही विचार होतो. त्याच शहरीं ५८ मुलांवर घरच्या माणसांसह उपचार झाले. पुढें सरासरी सहा वर्षांनीं त्यांच्यांत पुनः लैंगिक अपराधाचा आरोप शेकडा ५ जणांवर आला, तर तुलनेसाठीं घेतलेल्या ९० मुलांत शेकडा १८ जणांवर. मिसूरी संस्थानांत ४८ मुलांची विभागणी निव्वळ योगायोगावर सोंपवून एका गटाच्या घरीं व शाळेंत जाऊन उपचार करण्यांत आले. जवळजवळ नऊ वर्षांनीं, २००९ मध्यें, प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, त्या गटांत पुनरपराध शेकडा ८ व नेहमींचे उपचार घेतलेल्यांत शेकडा ४६. आणि २०१६ मध्यें ३३,७८३ मुलांची माहिती एकत्र केली असतां पुनः लैंगिक अपराधांत सांपडलेल्यांचें प्रमाण शेकडा पांचांहूनही कमी भरलें.

आपल्याकडे मुंबई इलाख्यांत मुलांविषयींचा कायदा १९२४ सालीं झाला. दिल्लींत डिसेंबर १९१२ नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, २०१२ च्या डिसेंबरांत घडलेल्या घोर अत्याचारांत एक आरोपी अठराच्या आंतला होता. त्या संतापाच्या लाटेनंतर २०१५ चा बालन्याय कायदा आला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असल्यास त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि कृत्याची परिस्थिती यांचें प्राथमिक परीक्षण बालन्याय मंडळानें करावें व त्यावरून त्याचा खटला प्रौढाप्रमाणें चालवावा कीं नाहीं तें ठरावें, अशी ही योजना आहे. हें काम नाजुक आहे, आणि मंडळांत बालमानसाचा जाणता नसेल तर तज्ज्ञाचें साहाय्य घेतलेंच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें सांगितलें. परिणाम कळणें निराळें आणि भावनेच्या भरांत स्वतःस आवरतां येणें निराळें, हें परीक्षकानें विसरतां कामा नये.

मुलाचें मन जाणणें म्हणजे त्यास निर्दोष ठरविणें नव्हे. पीडित बालक त्याच घरांत असेल तर अपराधी मुलास कांहीं काळ दूर ठेवावें लागतें. तेथें भीड उपयोगी नाहीं. पण ‘मी वाईट कृत्य केलें’ असें म्हणणाऱ्या मुलास भरपाईची वाट दिसते. ‘मीच वाईट आहें’ अशी ज्याची खात्री करून दिली, त्यास ती दिसत नाहीं. पहिलें वाक्य त्याच्या तोंडून निघावें यासाठीं कोणीतरी मोठें माणूस न ओरडतां त्याच्याजवळ बसावें लागतें. शिकागोपासून टोरांटोपर्यंत जे यशस्वी झाले त्यांनीं हेंच केलें. आणि पुढच्या एखाद्या बालकाचें रक्षणही त्यांतूनच झालें.