खुनाची कथा आणि सज्जन वाचक

काही वर्षांपूर्वी भिवंडीस आमच्या हाती एका इंग्रजी खूनकथेचे जुने मराठी रूपांतर उसने आले. आरंभी पात्रांची यादी दिलेली होती, आणि तीतील एका नावापुढे पूर्वीच्या कोणा वाचकाने पेन्सिलीने ठळक फुली मारून 'हाच तो' असे लिहून ठेवले होते! त्या अज्ञात गृहस्थास आम्ही मनातल्या मनात जी विशेषणे बहाल केली ती येथे देण्याजोगी नाहीत. पुस्तक मिटून ठेवणार, तोच विचार आला की, रात्र मोठी आहे, आणि शेजारचे यंत्रमाग काही आपणांस झोपू देणार नाहीत, तेव्हा वाचावेच. वाचले, आणि नवल असे की, गोडी तिळभरही उणी झाली नाही. खुनी कोण हे ठाऊक असता आम्ही पानोपानी शोधीत तरी काय होतो? तर त्यास दोषी ठरविण्यास पुरावा काय, हे.

खुनासारख्या अमंगळ विषयात सभ्य कुटुंबातील माणसांनी रमावे याचे पुष्कळांस कोडे पडते. मनुष्यास रक्ताची ओढच असते, असे त्याचे उत्तर कित्येक देतात. ते आम्हांस पटत नाही. चांगल्या खूनकथेत रक्त फारच थोडे सांडते. प्रेत पहिल्या दोन-चार प्रकरणांत सापडते, आणि मग सारी चर्चा चहाच्या पेल्याची, घड्याळाच्या काट्यांची नि न भुंकलेल्या कुत्र्याची. एडगर अ‍ॅलन पो याने १८४१ साली पॅरिसमधील दुहेरी खुनाची गोष्ट लिहिली, तेथून ह्या जातीच्या कथेचा जन्म धरतात. १८८७ साली कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स अवतरला. १९२० साली अगाथा ख्रिस्तीचा पायरो.

मराठीत मात्र प्रवाह निराळ्या वाटेने आला. आमच्या पूर्वजांची मने प्रथम जिंकली ती रेनॉल्ड्सने. त्याची लंडनच्या रहस्यांची कथामाला १८४४ साली निघू लागली होती. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी त्याची कथानके मराठी पेहरावात आणली, आणि भुयारे, वेषांतरे, नाहीसे झालेले वारस यांची वाचकांस चटक लागली. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. परंतु झुंजार आणि काळापहाड यांच्यापुढे ते नाव कोणास आठवणार? आगगाडी १८५४ साली कल्याणास पोहोचली, भिवंडी बाजूलाच राहिली; त्यामुळे आमच्या घरी ही पुस्तके यावयाची ती कल्याणास गेलेल्या कोणाच्या तरी पिशवीतून, आणि वडील मंडळींपासून दडवून वाचली जावयाची. त्यांनी आम्हांस वाचावयास शिकविले, हे ऋण आम्ही नाकारीत नाही.

परंतु ह्या कथांच्या नायकास 'गुप्तहेर' म्हणण्याचा प्रघात पडला, आणि येथेच थोडी गफलत झाली असे आम्हांस वाटते. हेर म्हणजे बहिर्जी नाईक! वेष पालटून शत्रूच्या गोटात शिरावे व बातमी धन्यास आणून द्यावी, हे त्याचे काम. होम्स कोणा धन्याचा नव्हे. तो सर्वांस दिसणाऱ्या गोष्टींचाच अर्थ लावतो, आणि तो अर्थ वाचकास पडताळून पाहता आला पाहिजे अशी बोली असते. भुयारातून पळणाऱ्या नायकाशी वाचकाची अशी काही बोली नसते. त्याने फक्त धापा टाकीत मागे धावावे. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला तेव्हा ह्या दुसऱ्या प्रकारची चव आमच्यापैकी अनेकांस प्रथम कळली.

गंमत अशी की, पुराव्याची साधने घडत होती ती आमच्याच देशात. १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. त्या ठशांच्या वर्गीकरणात अझिझुल हक व हेमचंद्र बोस ह्या दोघा हिंदी अंमलदारांचा मोठा वाटा होता. ती पद्धत १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डाने उचलली. त्याहूनही पूर्वीचा १८७२ सालचा पुराव्याचा कायदा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध धरावयाचा नाही, असे त्याच्या पंचविसाव्या कलमाने ठरविले. मार देऊन वदविलेल्या शब्दाची किंमत काय, हे ते कलम लिहिणारास पक्के ठाऊक होते. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन नवा आला, पण हा नियम राहिला आहे. चौकीत रात्रभर बसवून ठेवलेल्या निरपराध मनुष्यास ह्या एका ओळीचा जो आधार, तोच चांगली खूनकथा आपल्या संशयितांस देते. सर्वांस ज्याचा संशय, तो पुष्कळदा निर्दोष निघतो. आणि वाचकाने तिसऱ्याच प्रकरणात त्यास मनोमन फासावर चढविलेले असते! आमच्या हातून असे किती निरपराध लटकले याची गणती नाही.

त्या उसन्या पुस्तकातील पेन्सिलीची फुली आम्ही परत करण्यापूर्वी रबराने खोडून टाकली. कागद जरा खरवडला गेला. त्यावरून एखाद्या चाणाक्ष वाचकाने ते नाव ताडले असल्यास आमचा नाइलाज आहे.