सौम्य काडतूस
रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजीत मुद्दाम निवडलेले, कमी जोराचे काडतूस. जबर धक्का बसला की मनगट उचलले जाते आणि बार होण्याआधीच डोळे मिटण्याची सवय नवशिक्याला जडते. ती पुढे मोडणे फार अवघड, म्हणून सुरुवात हलक्या काडतुसानेच व्हावी. परदेशात .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये सरावाला .३८ स्पेशल घालतात. गोळीचा व्यास तोच, काडतुसाची नळी सुमारे ३ मिलिमीटर आखूड. याच्या उलट, म्हणजे .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ मॅग्नम, मात्र कधीही घालायचे नाही. भारतात सर्वसाधारण परवान्यावर .३८ बोअर मिळत नाही. परभणीत जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या परवान्याने रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्याकडे बहुधा कानपूरचे .३२ असते. त्याचे ‘.३२ एस अँड डब्ल्यू लाँग’ हे १८९६ पासूनचे काडतूस मुळातच सौम्य. २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत तेच सपाट तोंडाची गोळी (वॉडकटर) बसवून वापरतात. ही गोळी कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजणे सोपे जाते. .२२ याहूनही हलके, पण त्याला शस्त्रच वेगळे लागते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक .२२ चेच.