न्यूझीलंडांतील कुटुंबसभेची पूर्वपीठिका

न्यूझीलंडांत अल्पवयी अपराध्याच्या प्रकरणीं त्याच्या आप्तांची जी सभा भरते, ती माओरी लोकांची पुरातन चाल असून सरकारनें ती जशीच्या तशी उचलली, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. कायदे क्रमानें लावून पाहिले असतां हें मत अर्धेंच खरें ठरतें.

माओरी समाजांत अपराध हा एकट्याचा मानीत नसत. अपराध्याचें व्हानाउ म्हणजे विस्तृत कुटुंब, त्यावरील हापू व त्याहून मोठें इवी यांजवर त्याचा भार पडे, आणि बोलणें मराए या सभास्थानीं सर्वांसमक्ष होई. वसाहतीच्या राज्यांत हा व्यवहार मागें पडला. १९२५ च्या बालकल्याण कायद्यानें मुलांचीं निराळीं न्यायालयें स्थापिलीं. तथापि १९६२ च्या कायद्यानें माओरी समित्यांस, खटल्याऐवजीं, लहानसहान अपराधांबद्दल किरकोळ दंड करण्याचा अधिकार दिला होता. या कलमाचा उल्लेख फारसा कोणी करीत नाहीं. पुढें १९७४ च्या कायद्यानें बालमंडळें निर्माण झालीं. त्यांत पोलीस व सरकारी खात्यांचे प्रतिनिधी आणि एक स्थानिक रहिवासी बसे. कुटुंबाचा शब्द तेथें निर्णायक नव्हता.

याच काळीं मुलें सरकारी वसतिगृहांत धाडलीं जात होतीं, आणि त्यांत माओरी मुलांचें प्रमाण लोकसंख्येच्या मानानें फार अधिक होतें. १९५० ते २०१९ या अवधींत सरकारी व धार्मिक संस्थांच्या ताब्यांत असलेल्यांपैकीं सुमारें २ लक्ष जणांचा छळ झाला असावा, असा अंदाज शाही चौकशी आयोगानें २०२४ च्या अहवालांत दिला आहे. हा आंकडा डोळ्यांपुढें ठेविल्याशिवाय माओरींच्या मागणीची निकड कळणार नाहीं.

ती मागणी १९८६ च्या ‘पुआओ-ते-आता-तू’ (पहांट) या अहवालांत ग्रथित झाली. समितीचे अध्यक्ष तूहोए इवीचे जॉन रांगिहाउ हे होते. मूल हें व्हानाउचें, म्हणून त्याजविषयींचा निर्णयही व्हानाउनें करावा, हें त्यांतील सार. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनें मांडिलेल्या विधेयकाचा रोख मात्र तज्ज्ञांच्या पथकांवर होता. माओरींनीं हरकत घेतली, आणि विधेयक पुष्कळच पालटून १९८९ चा कायदा झाला. तो त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून अमलांत आला. सार्वजनिक हितास बाध येत नसेल व दुसरा मार्ग असेल तर मुलावर खटलाच भरूं नये, हें तत्त्व त्यांत नमूद आहे.

सभेस मुलगा, त्याचे आप्त, ज्याचें नुकसान झालें तो, व पोलीस येतात. मग इतरांस बाहेर ठेवून कुटुंब एकटें विचार करतें आणि क्षमायाचना, भरपाई, समाजाचें काम अशी योजना पुढें मांडतें. माओरी अंश दिसतो तो येथें. परंतु सभा बोलावणारा समन्वयक सरकारी नोकर असतो, आणि पोलिसांची संमति नसेल तर योजना ठरत नाहीं. आपल्याकडील गोतसभेंत दिवाण व गोत एकत्र बसत आणि महजरावर उभयतांच्या साक्षी पडत. तेथील वाद मुख्यतः वतनाचे, हा भेद मोठा आहे, तरी राजसत्ता व समाज एका बैठकींत आणण्याची अडचण ओळखीची वाटते. कांहीं माओरी अभ्यासक तर या सभेस चालीचें पुनरुज्जीवन न म्हणतां सरकारनें केलेला चालीचा वापर म्हणतात. प्रस्तुत लेखकास १९८६ चें मूळ विधेयक पाहतां हा आक्षेप थोडा कठोर वाटतो. निर्णयाची पहिली मांडणी कुटुंबाकडे आली ती झगडून आली.

२००८ सालीं गिसबर्न येथील ते पोहो-ओ-राविरी या मराएवर तरुणांचें न्यायालयच बसूं लागलें. कुटुंबसभेनें ठरविलेली योजना कितपत पार पडली हें तेथें पाहिलें जातें. मुलगा उभा राहून आपला पर्वत, नदी व पूर्वज सांगतो, आणि वडीलधारे त्याच्याशीं बोलतात. आरोप व अधिकार मात्र न्यायालयाचेच.