सेनापतीविना सैन्य : एका श्लेष्मकवकाचा वाद

१/ व्यक्ती इतिहास घडवते की परिस्थिती? आपल्या विषयातला हा जुना वाद विसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखालीही रंगला होता. वादाचा विषय होता एक अमीबा. आजचा धागा त्याविषयी.

२/ १८६९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर ब्रेफेल्ड यांनी लिदीवर वाढणाऱ्या एका जीवाचे वर्णन केले आणि त्याला 'डिक्टिओस्टेलियम' हे नाव दिले. म्हणायला तो श्लेष्मकवक, म्हणजेच स्लाइम मोल्ड. पण ही खरी बुरशी नव्हे. जिवाणू खाऊन एकेकट्या जगणाऱ्या या अमीबापेशी अन्न संपताच एकत्र येतात. त्या परस्परांत विरघळून एकजीव होतात, असे ब्रेफेल्ड यांना वाटले. १८८० मध्ये फ्रान्सच्या व्हॅन टिगेम यांनी ते खोडून काढले. पेशी एकत्र येतात, परंतु प्रत्येकीचे वेगळेपण शाबूत राहते.

३/ १९३३ मध्ये केनेथ रेपर यांना अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या जंगलातील पाचोळ्यात 'डिस्कॉइडियम' ही जाती सापडली. पुढचे बहुतेक संशोधन तिच्यावरच झाले. हजारो, कधी लाखभर पेशींचा पुंजका गोगलगायीसारखा उजेडाकडे सरकतो आणि मग ताठ उभा राहतो. सुमारे एक पंचमांश पेशी देठ होऊन मरतात. उरलेल्या त्या देठाच्या शेंड्यावर बीजाणू होतात.

४/ पण या पेशींना बोलावते कोण? १९४७ मध्ये जॉन टायलर बॉनर यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात यंत्रांचा थाट नाही. पाण्याखाली पेशींचे केंद्र तयार होत असताना त्यांनी त्यावरून पाण्याचा मंद प्रवाह सोडला. प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या पेशी केंद्राकडे वळल्या. वरच्या बाजूच्या पेशींना काहीच कळले नाही. म्हणजे हाक रासायनिक होती आणि ती पाण्याबरोबर वाहून जात होती. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी 'ॲक्रेसिन' म्हटले. १९६७ मध्ये कोनाइन, बॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची ओळख पटवली : चक्रीय एएमपी. सस्तन प्राण्यांच्या शरीरात संप्रेरकांचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारा रेणूही हाच.

५/ आता खरा पेच. पहिली हाक कोणाची? काही विशेष पेशी आरंभ करतात व बाकीच्या त्यांच्यामागे जातात, हे उत्तर अनेकांना स्वाभाविक वाटले. या पेशींना 'पेसमेकर' म्हटले गेले.

६/ १९७० मध्ये भौतिकशास्त्रात शिकलेल्या एव्हलिन फॉक्स केलर आणि गणितज्ञ ली सेगेल यांनी वेगळी मांडणी केली. केलर यांच्यासमोर ॲलन ट्यूरिंग यांचा १९५२ चा निबंध होता. साऱ्या पेशी एकसारख्याच आहेत, असे समजा. उपासमारीने त्यांचा स्राव आणि संवेदनशीलता बदलली, की समतोल डळमळतो. कुठेतरी योगायोगाने झालेली किंचितशी दाटी मग आपोआप वाढत जाते आणि तिथेच केंद्र बनते. सेनापतीची गरजच उरत नाही.

७/ तरीही पेसमेकरची कल्पना मागे हटली नाही. १९८३ च्या निबंधात केलर यांनी नेमके यावरच बोट ठेवले : अशा पेशींचा पुरावा हाती नसतानाही संशोधकांना तीच कल्पना का रुचत राहिली? केंद्रीय सत्तेची सवय जडलेल्या मनाला सत्तेविना घडणारी व्यवस्था दिसतच नाही, हा त्यांचा रोख होता. गणिताचे पारिभाषिक रूप जीवशास्त्रज्ञांना अवघड गेले, हेही कारण असावे. सारा दोष पूर्वग्रहाच्या माथी मारणे मला पटत नाही.

८/ २०१० मध्ये थॉमस ग्रेगर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की एकेकट्या पेशी अनियमितपणे स्पंदतात. पुरेशी दाटी झाली की सारा समूह एका तालावर येतो. इथे पारडे केलर यांच्या बाजूला झुकते. मात्र त्याच्या नात्यातल्या 'पॉलिस्फॉन्डिलियम'मध्ये संस्थापक पेशी खरोखरच असते. ब्रायन शाफर यांनी १९६१ मध्येच तिचे वर्णन करून ठेवले होते.