पाटा, सोऱ्या आणि रेगेन्सबर्गची खाणावळ

इ. स. २००६ या एकाच वर्षी दोन अगदी निराळ्या स्थळांची जागतिक वारशात नोंद झाली. एक, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. दुसरे, जर्मनीतील डॅन्यूबकाठचे रेगेन्सबर्ग नगर. पहिल्याची कथा गिरमिटियांच्या वंशजांस सांगावयास नको. दुसऱ्याच्या कथेतील एक धागा मात्र त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचतो.

रेगेन्सबर्गचा दगडी पूल ११३५ ते ११४६ या काळात बांधला गेला. त्याच्या पायथ्याशी एक छोटी खाणावळ आहे. पुलाच्या गवंड्यांना व धक्क्यावरील हमालांना तेथे जेवण मिळे, असे परंपरा सांगते. आजही तेथे निखाऱ्यांवर सॉसेज भाजून आंबवलेल्या कोबीबरोबर वाढतात. पदार्थ मांसाचा असल्याने पुष्कळांस तो वर्ज्य असेल. येथे कर्तव्य आहे ते अवजाराशी.

पूर्वी असले मांस लाकडी फळीवर बाकदार सुऱ्यांनी, मनगटे भरून येईतो बारीक करीत. एकोणिसाव्या शतकात हाताने फिरवावयाचे खिमायंत्र आले. त्याचे श्रेय सामान्यतः कार्ल फॉन ड्राइस यांस देतात. १८१७ साली दुचाकीचे आद्य रूप चालवून दाखविणारे ते हेच. यंत्रात मळसूत्र, त्यापुढे फिरते पाते, त्यापुढे भोकांची चकती. ते मेजाला आवळून बसविलेले असल्यामुळे धरून ठेवण्यात शक्ती खर्ची पडत नाही. दांडा लांब असला की जोर कमी लागतो. शिवाय सर्व भाग सुटे करून धुता येतात. विक्रीसाठी अन्न शिजविणाऱ्यास हा गुण सर्वांत मोलाचा.

चकलीचा सोऱ्या याच जातीचा. लाकडी सोऱ्यावर सारा भार तळहातांचा. पितळी सोऱ्याला मळसूत्र व मूठ आली आणि तोच दाब सहज मिळू लागला. पुरणयंत्राने पाट्यावरचे पुरण वाटणे पुष्कळ घरांतून संपविले. मॉरिशसमध्ये मात्र उसाच्या मळ्यांतून परतलेल्या स्त्रिया ‘रोश कारी’ नावाच्या पाट्यावर ओणव्या होऊन मसाला वाटीत राहिल्या. खाणावळवाल्याचा वेळ पैशांत मोजला जाई. त्यांचा कोणी मोजलाच नाही, म्हणून त्यांचे अवजार सुधारण्याची निकड कोणास वाटली नाही.

रांधणे हा धंदा झाला की हिशेब बदलतो. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग उभारला. तेथे पीठ केंद्रावर एकत्र मळून मिळते. पापड मात्र आजही भगिनी घरोघरी हातानेच लाटतात.