उदगीर अडतं, चाकूर चालतं

लातूर जिल्ह्याच्या दहा तालुक्यांचे दहा फोल्डर करा आणि विंडोजवर पायथॉन स्क्रिप्टमध्ये त्यांचे पत्ते साध्या अवतरणात, लहान इंग्रजी अक्षरांत लिहा. प्रत्येक नावाआधी बॅकस्लॅश. लातूर, चाकूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ सापडतील. निलंगा हरवेल, कारण बॅकस्लॅश आणि 'एन' मिळून पायथॉनला 'नवी ओळ' दिसते. शेजारच्या नांदेडचीही तीच गत. औसा आणि अहमदपूरच्या 'ए'ची घंटेची खूण होते, रेणापूरचा 'आर' कर्सरला ओळीच्या आरंभी परत पाठवतो. उदगीरला तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही: 'यू'पुढे चार आकडी युनिकोड क्रमांक हवा असतो.

ही उलटी रेघ पत्त्यांसाठी जन्मलीच नव्हती. अल्गोल भाषेतली 'आणि', 'किंवा' ही तर्कचिन्हं दोन तिरप्या रेघा जोडून लिहिता यावीत म्हणून बॉब बेमर यांनी 1961 मध्ये ती 'आस्की' या संगणकी अक्षरसंकेताच्या आराखड्यात आणली. पुढे बेल लॅब्जमध्ये सी भाषेनं तिला 'पुढचं अक्षर वेगळ्या अर्थानं घ्या' हे काम दिलं. पायथॉननं तो वारसा उचलला. त्याच प्रयोगशाळेतल्या युनिक्सनं फोल्डरांसाठी सरळ स्लॅश घेतला होता, त्यामुळे तिथे दोघांची टक्कर नव्हती.

टक्कर 1983 ची. विंडोजच्या आधीच्या डॉस यंत्रणेत, 1981 च्या पहिल्या आवृत्तीत, फोल्डरच नव्हते. फ्लॉपीवर फायलींची एकच यादी. सरळ स्लॅश आज्ञेचे पर्याय सांगायला वापरला जाई. मग आयबीएमच्या एक्सटी संगणकासोबत 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, डॉस 2.0 मध्ये फोल्डर आले आणि सरळ स्लॅश आधीच गुंतलेला. जुन्या सवयी मोडायच्या नव्हत्या, म्हणून उलटा घेतला. त्या वेळी तो निर्णय रास्तच होता असं मला वाटतं. पण त्याचा भार आजही लातूरच्या संगणकावर लिहून लिनक्स सर्व्हरवर चालवायच्या प्रत्येक स्क्रिप्टवर आहे. लिनक्सला बॅकस्लॅश हे नावातलं साधं अक्षर वाटतं. फोल्डर आणि फाइल मिळून त्याला एकच लांबलचक नाव दिसतं, आणि तशी फाइल अर्थातच नसते.

म्हणून रेघ हातानं लिहूच नये. 2014 च्या पायथॉन 3.4 पासून 'पाथलिब' हे मॉड्यूल सोबतच येतं: फोल्डर आणि फाइल वेगवेगळी द्या, जोडणी ते त्या-त्या यंत्रणेप्रमाणे करतं. हातानं लिहायचंच झालं तर सरळ स्लॅश लिहा. पायथॉनमधून फाइल उघडताना विंडोजलाही तो चालतो, आणि उदगीरही सापडतं.